दादाची पाठमोरी मानसं

५ फेब्रु. १९६०
दुपारी शाळेच्या बाई घरी. आई दचकली, "दाव्यानं परत काय केलं?" ह्या खेपेला मी कायच केलेलं न्हवतं. बाई दादासाठी आलेल्या. दौंडला रेल्वेच्या हालमधी चित्रं लावनार हायेत. पुन्याच्या वेड्यांच्या हॉस्पिटलातल्या पेशंटांची, आन् ज्यांची अक्कल लहानपनीच थांबली आशांची. शिरूरवरनं आपल्या शमुवेलचं द्या म्हनल्या.
आई म्हनली, "आमचा शमू येडा न्हाई."
"म्हणूनच मागते. बघू देत लोकांना."
बाबा फळीला रंधा मारत व्हते. मान वर न करता म्हनले, "न्या."

७ फेब्रु. आयतवार
दादानं आजची उपासना काढली. देवळात तो कायम सगळ्यात मागं बसतो, मधीच उठला तर पाळकसायबांचा उपदेश मोडू नये म्हनून. तवा त्याला दिसत्यात त्या लोकांच्या पाठी. घरी येऊन कोळशानं त्याच काढतो, आयतवारच्या शाब्बाथ शाळेच्या जुन्या तक्त्यांच्या मागल्या बाजूला. तोंड एकाचंबी न्हाई, तरी सगळी वळखू येत्यात. मार्थाकाकूचा एक खांदा खाली. हेडमास्तरांचं टक्कल. "मी कुठं?" इचारलं. त्यानं बोट ठिवलं. दाराकडं वळलेली एक मान. बरुबर हाय.
बाईंनी हेच घ्यायचं ठरवलं.

१२ फेब्रु.
चित्राची गुंडाळी घिऊन मी एकटाच दौंडला. शिरूर स्टँडवर गाडी दीड तास लेट. चहावाल्याच्या भट्टीतला कोळसा पायाशी पडलेला. हात शिवशिवाय लागले. पयले हेडमास्तरांच्या टकलावर दोन डोळे. लई झ्याक दिसले. मग मार्थाकाकूच्या अंबाड्यावर मिशी. मग बाकीच्यांनी काय घोडं मारलंय? सतरा टाळकी, सतरा तोंडं. शेजारचा तळेगावचा म्हातारा हसून हसून खोकला. "पोरा, ही मानसं फुडं चालत्यात का मागं?"
दौंडात हालवरच्या मानसानं न बघताच टाचण्या मारल्या.

१३ फेब्रु.
रात्री दौंडला मावशीकडं राह्यलो, सकाळी हालवर. एका पेशंटानं नुसती दारं काढलेली, साठसत्तर, एकबी उघडं न्हाई. एका पोरीची कोंबडी, आठ पायांची. रेल्वेची मानसं डूटीवरनं तशीच आलेली, एक फायरमन त्या कोंबडीपुढनं हलंना. म्हनला, "पळतीया म्हनून आठ पाय. बरुबर हाय तिचं."
पन खरी गर्दी दादाच्या चित्राफुडं. पुन्याचा डाक्टर छडीनं दावत व्हता. "पाहा, ह्याला वाटतं, लोक पाठ फिरवूनसुद्धा आपल्यावर नजर ठेवून आहेत. किती भीती असेल ह्याच्या मनात." बाया च्च च्च करत व्हत्या. मी शर्टाची बाही तोंडात कोंबली.
मग डाक्टरनं इचारलं, "हा मुलगा राहतो कुठं?" तवा हसू गेलं.

१४ फेब्रु. आयतवार
उपासनेनंतर आई, बाबा, दादा दौंडला आले. दादा चित्राफुडं उभा राह्यला. अंगठा थुंकीनं ओला केला आन् हेडमास्तरांचं टक्कल पुसाय लागला. हालवरचं पोरगं धावलं, "ए, हात नको लावू!" वढून बाजूला केला. डाक्टर वहीत लिवत व्हता.
बाबांना म्हनला, "सहा महिने आमच्याकडे ठेवा. अशी भीती वाढतच जाते."
आई म्हनली, "त्याला कसली भीती? शेरडं राखतो, जेवतो, झोपतो."
बाबा म्हनले, "सायेब शिकलेले हायेत. कागूद धाडा, सही करतो."
गाडीत मी दादाशेजारी बसलो. तो उठून ड्रायव्हरच्या मागं जाऊन बसला.

१५ फेब्रु.
सांगून टाकलं. बाबांनी मापायच्या लाकडी गजानं मांड्या सुजवल्या. मग म्हनले, "उद्याच्या पयल्या गाडीनं दौंडला जा. मला सांगितलंस ते त्यांना सांग."

१६ फेब्रु.
"साहेब, तोंडं माजी हायेत. दादा नुसत्या पाठी काढतो."
डाक्टर हसला. "भावावर माया आहे तुझी."
मी टेबलावरनं पेन्सिल उचलली, त्यांच्याच कागदावर सतरा तोंडं काढून दिली. डाक्टरनं चष्मा लावून दोन्ही कागद बघितले. मार्थाकाकूची मिशी केसासकट तीच.
"कितवीत आहेस?"
"नववी. दोनदा."
"तोंडं तुझी, मान्य. पण तो अंगठ्यानं पुसत का होता? इतका कासावीस होऊन?"
"माजी व्हती म्हनून."
डाक्टरनी चष्मा काढून ठिवला. मग म्हनले, "सत्तावीसला शिरूरला येतो. माझ्यासमोर काढू दे. मग ठरवू."
"आन् न्हाई काढलं तर?"
"तर सहीचा कागद तुझ्या वडलांकडे पाठवलेला आहे."
चित्र परत घिऊन आलो.

१९ फेब्रु.
दादा चार दिस कोळशाला शिवला न्हाई. मी पावाच्या गरानं माजी तोंडं खोडायचा प्रयत्न केला. सगळं काळं फराटं झालं. दादानं बघितलं, घडी केली, चुलीपाशी ठिवलं. आई काय ते चुलीत घालीना.
कागूद आला. बाबांनी बायबलात ठिवला. सही न्हाई अजून.

२३ फेब्रु.
दादाकडं कोनी बघितलं की त्याचा हात थांबतो, हे घरात सगळ्यांना ठावं. म्हनून संध्याकाळी आमी त्याच्याकडं पाठ करून बसतो. आज मार्थाकाकूबी आली, तांदूळ निवडत भिंतीकडं तोंड करून बसली. चौघं चार भिंतींसंगं गप्पा मारतोय. काकू म्हनली, "शमू, माजा खांदा नीट काढ बरं." मग मला, "आन् तू मुडद्या, मिशी परत काढलीस तर बघ."
मागं काय आवाज न्हाई. वळून बघितलं तर कागूद कोरा, दादा शेरडांकडं गेलेला.

२६ फेब्रु.
कोराच.

२७ फेब्रु.
डाक्टर बाराच्या गाडीनं आले. चहा झाला. आई म्हनली, "सायेब, राग मानू नका. भिंतीकडं तोंड करा."
"मग मला दिसणार काय?"
"दाव्या दाराच्या फटीतनं बघंल. त्यो सांगंल."
"हा?" डाक्टर म्हनले. पन स्टूल फिरवून बसले. दादा मागं, कागूद मांडीवर. बाकी सगळे भायेर.
फटीतनं बघतोय. दादानं डाक्टरच्या पाठीकडं बघितलं, लई येळ. कोट खांद्यावर उसवलाय. कोळसा उचलला. कागदावर टेकवला. तेवढंच.
"काढतोय का?" डाक्टरनं भिंतीला इचारलं.
आईनं मागनं बरगडीत ढोसलं, "व्हय म्हन, मुडद्या."
बाबांच्या हातात सहीचा कागूद आन् टाक.
"न्हाई," म्हनलो. "अजून न्हाई."
स्टूल कुरकुरलं. वळत्यात का काय म्हनून आईनं माजं मनगट धरलं.
"बरं," डाक्टर म्हनले. "मग बसतो."
शेवटची गाडी साडेपाचला. आता चार वाजलेत. दारापाशीच लिवतोय. आत दोघंबी हललेले न्हाईत.