बर्फातलं गाऱ्हाणं

श्टुटगार्ट,
२६ डिसेंबर

चि. सुशीला हिस ताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही खुशाल आहोत. थंडी म्हणशील तर नाक जागेवर आहे का ते चाचपून बघावं लागतं. तू दिलेली कोकमाची सोलं विमानतळावर कुणी अडवली नाहीत. फोन सोडून पत्र कशाला, असं म्हणशील. अगो, घर एवढंसं, आणि तुझे भावोजी कान टवकारून शेजारीच बसलेले! मंगेशचा मित्र उद्या गोव्याला निघालाय, त्याच्याकडे देते.

हे इथे कशाला आले ते तुला ठाऊक आहे. मंगेशला समजावून लेनाचा नाद सोडवायचा. येताना विमानभर घोकत होते, "माका जर्मन सून नको." आल्यावर मात्र लेनाने केलेलं सूप दोनदा मागून घेतलं. पण नको ते नकोच.

परवा नाताळचं जेवण लेनाच्या घरी होतं. भलंमोठं टेबल, मेणबत्त्या, मधोमध भाजलेला हंस. जेवणाआधी तिचे आजोबा उठून उभे राहिले. हात जोडले, डोळे मिटले आणि संथ सुरात काहीतरी म्हणू लागले. दोन वाक्यं झाली की थांबायचे.

आता सांग, आपल्या कट्टा गावच्या माणसासमोर कुणी हात जोडून असं थांबत थांबत बोललं तर तो काय करील? हे ताडकन उठले आणि देवळात गुरव देवाला गाऱ्हाणं घालताना सगळे देतात तशी आरोळी ठोकली, "व्हय म्हाराजा!"

हंसावरची सुरी खाली पडली. मला धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. आजोबांनी एक डोळा उघडला, यांच्याकडे बघितलं, आणि गंमत म्हणजे खूश होऊन आणखी जोरात सुरू केलं. पुन्हा थांबले. पुन्हा "व्हय म्हाराजा!" तिसऱ्या वेळी लेनाच्या भावंडांनीही सूर लावला. चौथ्या वेळी अख्खं टेबल ओरडलं गो! हसून हसून माझ्या डोळ्यांत पाणी आलं.

मंगेश तेवढा पांढराफटक. म्हणाला, "बाबा, तुम्ही कशाक व्हय म्हटलात म्हायत आसा? मे महिन्यात आमचा लगीन, ता पण आपल्या घराफुडल्या खळ्यात!"

मी यांच्याकडे बघायला धजेना. हे शांतपणे खाली बसले, नॅपकीन मांडीवर पसरला. "गाऱ्हाण्याक व्हय म्हटलंय. आता मागे फिरान कसा चलात?" लेना उठली आणि वाकून यांच्या पाया पडली. कुणी शिकवलं होतं कोण जाणे.

आज सकाळी चहा देताना मी विचारलंच, "खरंच काही कळलं नव्हतं?"

चहा बशीत ओतला. मग म्हणाले, "म्हाताऱ्यान मंगेशाचा नाव घेतल्यान, त्या पोरीचा नाव घेतल्यान, डोळे पुसल्यान. ह्या कळाक जर्मन कशाक व्हया?"

सुशीला, हा माणूस मला इतक्या वर्षांनी पुन्हा आवडला बघ. धामापूरच्या भगवतीपुढे नारळ ठेव आणि गाऱ्हाणं घालायला सांग. लेनाचं नाव घ्यायला विसरू नका. व्हय म्हणायला आम्ही इथे आहोतच.

तुझी,
लेनाची सासू
सुगंधाताई