दुसऱ्या शिखरावरची वही

१२ ऑक्टोबर

ती. वहिनीस,
धाकट्या दिराचा नमस्कार.

पत्र पोचलं. गुडघ्याला तेल लावत जा. बाटली नुसती कपाटात ठेवून गुडघा बरा होत नाही. मी ठीक आहे. छापखान्यात काम बेताचं, खोलीत बोलायला कुणी नाही, त्यामुळे हल्ली किटलीशीच भांडतो.

गेल्या आठवड्यात त्या डोंगरावर एकटाच जाऊन आलो. रागावू नका. पहिल्या शिखरापासून दुसऱ्यापर्यंत तीच अरुंद धार, दोन्हीकडे दरी, चालायला चार तास. सहा वर्षांपूर्वी मागे दादा होता. आता मागे वळून "पाय उचल की!" म्हणून ओरडायचीही सोय नव्हती. फार एकटं वाटलं.

दोन्ही शिखरांवर पत्र्याच्या डब्यात वही असते. पोचेल त्याने नाव लिहायचं. कुणी हरवलं तर शोधणारे आधी ती वही बघतात. दादाचं अक्षर म्हणजे कोंबडीचे पाय, म्हणून दोघांची नावं नेहमी मीच लिहायचो.

वहिनी, त्या दिवशी दुसऱ्या शिखरावरही मीच लिहिली. दादा धारेवर मागे होता. धुकं आलं, मला थंडी सोसेना. येईलच पाच मिनिटांत, असं म्हणून दोन्ही नावं लिहिली आणि उतरू लागलो.

दादा आलाच नाही. शोधपथकाच्या प्रमुखाने विचारलं, "वहीत दोघांची नावं आहेत. दोघंही पोचलात ना?"

भावाला मागे टाकून आलो, हे सांगायची लाज वाटली. "हो" म्हणालो. दोन दिवस ते पलीकडचा उतार धुंडाळत राहिले. तिसऱ्या दिवशी दादा धारेखाली सापडला. मोडलेल्या पायाला त्याने स्वतःच रुमाल बांधला होता. म्हणजे पडल्यावर तो जिवंत होता. किती वेळ, ते मी आजवर कुणाला विचारलेलं नाही.

आणि तुम्ही येईल त्याला सांगता, "दोन्ही शिखरं करून मगच गेले हो." काहीतरी विसरलं म्हणून मागे फिरले असतील, हेही तुम्हीच जुळवलंत. सहा वर्षं मी तुमच्या घरी जेवलो आणि मान डोलावली.

गेल्या आठवड्यात वर पोचल्यावर वहीतलं ते जुनं पान काढलं. दादाचं नाव खोडायला पेन उघडलं, पण खोडलं नाही. आधी तुम्हाला सांगायला हवं होतं. शेवटच्या पानावर माझं एकट्याचं नाव लिहून उतरलो.

"भावजी, या महिन्यात जेवायला या," असं लिहिलंय तुम्ही. येऊ का, ते हे वाचून कळवा. कितीही दिवस लागू द्या, मी थांबेन.

तेव्हा पाच मिनिटं न थांबलेला,
तुमचा भावजी