माझ्या बाळंतपणात उघडलेलं इंजिन

आबा, काल जावयानं गाडीचं बॉनेट उघडलं आणि मला इतका राग आला की माझी मीच चकित झाले. बिचारा नुसतं पाणी बघत होता. "हात लावू नका, मिस्त्रीकडं न्या," असं मी ओरडले, तशी लेक स्वयंपाकघरातून धावत आली. तिला काय सांगणार? हा राग तिच्या जन्माआधीचा आहे, आणि तो तुमच्यावरचा आहे.

तुमची ती जुनी पिकअप! जिंतूरला चांगले मिस्त्री होते, पण तिच्या इंजिनाला परक्याचा हात लागू द्यायचा नाही, हा तुमचा हट्ट. मायच्या परातीत पिस्टन रॉकेलमध्ये भिजत पडायचे. आमच्या भाकरीला वास यायचा, तर तुम्ही म्हणायचात, "मिस्त्रीला काय कळतंय? मला तिचा आवाज कळतो." आवाज कळत होता तर ती सारखी बंद का पडायची, हे विचारायची घरात सोय नव्हती.

पहिल्या बाळंतपणाला मी माहेरी आले आणि नामांतराच्या ठरावावरून मराठवाडा पेटला. एस.टी. बंद. शेजारच्या गावात दलितांची घरं जाळल्याचं कानावर आलं होतं आणि आपल्या पारावरची माणसं हळू आवाजात बोलायला लागली होती. अशा दिवसांत दारात गाडी असणं म्हणजे केवढा आधार! मला कळा सुरू झाल्या तेव्हा तुम्ही लिंबाखाली त्या आधाराच्या इंजिनाचं हेड काढून बसला होतात.

माय दारात आली. "सुईण म्हणायली, मूल पायाळू हाय, जिंतूरला न्या."

"झालंच की. बोल्ट आवळायचेत नुसते."

"तुमचे बोल्ट व्हईपर्यंत पोर जाईल माझी!" मायनं काकांची बैलगाडी जुंपायला लावली आणि मला घेऊन निघाली. तुम्ही मान वर करून एवढंच म्हणालात, "व्हा पुढं, गाठतो."

आणि गाठलंत. चारठाण्याच्या पुढं मागून हॉर्न ऐकू आला. काळं तोंड, हातात पाना तसाच. मला उचलून पिकअपमध्ये घातलंत. फार तर कोसभर गेलो असू, तोच बॉनेटमधून वाफ फुसफुसली आणि गाडी थांबली. हेडखालची जुनीच गॅसकेट पुन्हा बसवली होती तुम्ही! मी कळांनी ओरडत होते, माय तुमच्या नावानं ओरडत होती, आणि तुम्ही बॉनेटखाली डोकं घालून "जरा दम धरा" म्हणत होतात. दम कुणी धरायचा, आबा? शेवटी काकांची बैलगाडी डुलत डुलत मागून आली आणि मला पुन्हा तिच्यात चढवलं. तुम्ही मात्र आला नाहीत. असल्या दिवसांत, रिकाम्या रस्त्यावर, गाडीला सोडून यायला तयार नव्हतात. जिंतूर येईपर्यंत माय एकच वाक्य म्हणत राहिली, "ह्या माणसाला जाळून टाकतेल कुणीतरी."

लेक सुखरूप झाली. दुसऱ्या दिवशी तुम्ही खाटेपाशी आलात आणि नातीचं तोंड बघायच्या आधी म्हणालात, "गॅसकेट गेली व्हती." मग तासभर गॅसकेटच. माय भिंतीकडं तोंड करून बसली होती.

खरं मला शेजारच्या खाटेवरच्या बाईकडून कळलं. तिचा हात भाजलेला होता. शेजारच्या गावातली. घर जळल्यावर नवरा-बायको लेकरं घेऊन आडरानातून निघाली होती आणि रस्त्यावर त्यांना तुम्ही भेटलात.

"आमी तर भिऊन लपलो व्हतो," ती म्हणाली. "मामांनीच हाक मारली. इंजिनला पानी पायजे म्हणले. म्या म्हणलं, घागर आमची हाय, चालंल का? तर आदी सोता प्याले, मग इंजिनला घातलं."

साऱ्या वाटेनं ती दोघं उतरत, ओढ्यातून घागर भरून आणत, गाडी ढकलत. तसं तुम्ही त्यांना दवाखान्यापर्यंत आणलंत. माझ्याशी, मायशी त्याबद्दल चकार शब्द काढला नाहीत. गाव मात्र गप्प बसलं नाही. कितीतरी महिने कुणी तुमची पिकअप भाड्यानं घेतली नाही. माय रडकुंडीला आली. तुम्ही परत लिंबाखाली हेड उघडून बसलात आणि म्हणालात, "बरं झालं. नीट बघायला सवड भेटली." तुम्हाला पाना फेकून मारावा असं मला वाटलं होतं. आजही वाटतं. एकदा तरी रागावायचं होतं त्या गावावर, आबा! सगळा राग आमच्याच वाट्याला कशाला ठेवलात?

तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली. हा कागद तुमच्यापर्यंत पोचायचा नाही, तरी लिहून टाकते. लेकीच्या जन्माची गोष्ट मी घरात दरवर्षी सांगते. सगळे पोट धरून हसतात. पण मी दुसऱ्यांदा बैलगाडीत चढले, तिथंच ती संपवते. त्याच्या पुढचं आजवर मला एकदाही न रडता सांगता आलेलं नाही.