तहान भागवा, चरबी पळवा

३ मार्च, दुपार
आज सकाळी साडेदहाच्या सुमारास माझं आयुष्य बदललं. ती मला म्हणाली, जरा सरक.

जागा: सुपरमार्केट, भाजीच्या काट्याजवळचा कोपरा. मी तिथे फ्रूट ड्रिंकचं टेबल लावून उभा असतो. शेजारी पुठ्ठ्याचा हिरो. माणसाएवढा, अंगात शर्ट नाही, हातात बाटली, पोटावर सहा चौकोन. डोक्यावर लिहिलंय, ‘तहान भागवा, चरबी पळवा’. छोट्या कपात ड्रिंक ओतून येणाऱ्या-जाणाऱ्याला पाजायचं, हे माझं काम. ती भाजी तोलून पिशवीला स्टिकर लावते. आमच्यात दोन हातांचं अंतर, पण बोलणं कधी झालं नव्हतं. आज टोमॅटोचा क्रेट घेऊन आली आणि म्हणाली, जरा सरक.

हिरोला नाही म्हणाली. मला म्हणाली.

यावरून दोन गोष्टी कळल्या. मी आहे हे तिला माहीत आहे. आणि मी जागा फार खातो. पहिल्या गोष्टीवर वर्षभर जगता येईल. दुसरीवरचा इलाज माझ्याच टेबलावर आहे.

३ मार्च, संध्याकाळ
निश्चय. आजपासून साधं पाणी बंद. फक्त ड्रिंक. ट्रेनिंगमध्ये कंपनीच्या सेल्सवाल्याने समजावलं होतं की पाणी शरीरात टिकत नाही, आल्या पावली निघून जातं. आपलं ड्रिंक पेशींत शिरतं आणि चरबीला धक्के मारून बाहेर काढतं. शास्त्रीय आहे. मी दुसऱ्या वर्षापर्यंत सायन्सला होतो, मला कळतं. शिवाय सँपलच्या फोडलेल्या बाटल्या संध्याकाळी उरतातच. त्या कोणीतरी संपवायच्याच असतात.

गोदामात माल तोलायचा मोठा काटा आहे, त्यावर उभा राहिलो. ८४. गोदामवाल्याला सगळे पैलवान म्हणतात, कारण तो काडीसारखा आहे. म्हणाला, साखरेचं पोतं पन्नासचं येतं, तू पावणेदोन पोती भरलास. हसून घे म्हटलं.

५ मार्च
सकाळी पेरू फ्लेवर, जेवणानंतर लाल द्राक्ष. हायड्रेशन जबरदस्त. सारखं जावं लागतं. टॉयलेटची किल्ली मॅनेजरकडे असते. परत परत मागायला लागलो तेव्हा म्हणाला, थांब, तुझ्या गळ्यातच बांधतो.

येऊन बघतो तर एक बाई हिरोबरोबर सेल्फी काढत होत्या. मला म्हणाल्या, तुम्ही जरा बाजूला होता का, फोटोत येताय. काट्यामागून ती हसली. मला बघून की बाईंना बघून, हे आधी ठरवता येईना. मग ठरवलं. मला बघून.

८ मार्च
डोकं सटकलं. एक चष्मेवाले काका टेबलासमोर उभं राहून बाटलीवरचं बारीक अक्षर मोठ्याने वाचायला लागले. साखर किती, रस किती. रस अगदीच नावाला, म्हणे. मग म्हणाले, बाळ, हे पिऊन चरबी पळत नाही, सामानसुमान घेऊन राहायला येते.

मी म्हणालो, हिरो पितो ना, त्याच्या पोटाकडे बघा. काका म्हणाले, मी तुझ्या पोटाकडे बघतोय.

कप आपटला. त्यांच्या शर्टावर थोडं उडालं. मॅनेजरने सॉरी म्हणायला लावलं. म्हणालो, पण आवाज असा काढला की ते सॉरी वाटू नये.

कॉलेजात तेवढंही म्हटलं नव्हतं. सर म्हणाले खाली बस, मी वर्गाचं दार आपटून निघालो. सगळ्या मजल्याला ऐकू गेलं. सर मागे बोलवायला येतील म्हणून जिन्यात जरा रेंगाळलोही होतो. असो. पाय दुखतायत. दिवसभर उभं राहायचं म्हणजे काय ते पुठ्ठ्याच्या माणसाला काय कळणार.

१२ मार्च
८२. लिहून ठेवतो, ब्याऐंशी.

पैलवान रिकामा क्रेट काट्यावर ठेवून कसलंसं बटण दाबत होता. तेवढ्यात बाहेर टेम्पो आला, तो क्रेट उचलून पळाला. मी चढलो. चढायच्या आधी रिकामा काटा उणे तीन दाखवत होता. मशीन दमलंय बिचारं. इथे सगळेच दमलेत.

१६ मार्च
पँटचं बटण गेलं. आईला म्हटलं, वॉशिंग मशीन बदला, कपडे आटवतं. आई म्हणाली, मग दादाच्या पँटी कशा नाही आटत. वहिनी म्हणाली, भावजी, चेहरा मात्र चांगला भरलाय तुमचा. मी नीट समजावलं की चरबी एकदम जात नाही, आधी पोटातून वर सरकते, मग हळूहळू डोक्याच्या दिशेने निघते. दादा पेपरातून मान वर न करता म्हणाला, डोक्यात पोचलीय, कळवून टाक कंपनीला.

या घरात मला प्रोत्साहन कधीच मिळालं नाही.

२२ मार्च
७३.

पुन्हा बघितलं. ७३. आज क्रेट नव्हता, पोती रचायची लाकडी पॅलेट होती. ती पैलवान आणि मी मिळून खाली उतरवली, भलतीच जड, आणि मी वर. काट्याने उणे चौदापासून सुरुवात केली, पण थांबला त्र्याहत्तरवर. मशीनचं असं असतं, आधी गोंधळतं, मग खरं बोलतं. फोटो काढला. फोटोत आकडा आणि माझ्या पायाचे अंगठे.

तिला दाखवला. तिने फोटो बघितला, मला बघितलं, परत फोटो बघितला. म्हणाली, खरंच?

म्हटलं, काट्याचा फोटो आहे, माझं चित्र नाही.

२३ मार्च
आज ती आपणहून आली. मी टॉयलेटला होतो. दुसऱ्यांदा आली, तेव्हाही. तिसऱ्यांदा सापडलो.

तिचे बाबा बस चालवायचे. क्लच दाबून दाबून डावा गुडघा गेला. डॉक्टर ऑपरेशन करायला तयार आहेत, पण आधी वजन उतरवा म्हणतात. राहतात तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. वर्षभर आपल्या पायांनी खाली उतरलेले नाहीत. डेपोच्या कँटीनमध्ये जुन्या ड्रायव्हर मंडळींत जाऊन बसायचं, एवढीच इच्छा. एप्रिलमध्ये तपासणी आहे. वजन उतरलेलं दिसलं तर तिथल्या तिथे ऑपरेशनची तारीख देणार.

मग आवाज खाली आणून म्हणाली, खरं सांग हं. तू हे विकतोस म्हणून नको सांगू. फरक पडतो?

इतक्या जवळून ती कधी बोलली नव्हती. कपाळावर भाजीचं एक स्टिकर चिकटलेलं होतं, कांद्याचं. मी म्हटलं, पडतो. पाण्याऐवजी हेच देत जा त्यांना.

खोटं बोललो नाही. काट्याने सांगितलं तेच सांगितलं.

३० मार्च, रविवार
दोन खोकी तिच्या घरी पोचवली. तिसऱ्या मजल्यावर पोचेपर्यंत डोळ्यांपुढे काजवे. खोकी जड होती.

दाराशी काळ्या बुटांचा जोड. आरशासारखा चकचकीत, तळाला धुळीचा कण नाही. ती म्हणाली, बाबा दर रविवारी पॉलिश करतात. खाली उतरायचा दिवस आला की शोधाशोध नको.

बाबा खिडकीपाशी खुर्चीत. मला खालपासून वरपर्यंत बघून तिला म्हणाले, हाच का गं तो बारीक झालेला? आधी केवढा होता मग?

बाटली तोंडाला लावली आणि डोळे मिटले. म्हणाले, आयुष्यभर पाणी कशाला पीत बसलो मी. आता गुडघा नीट झाला की डेपोतल्या सगळ्यांना हेच पाजतो.

परतताना जिन्यात बसलो थोडा वेळ. आनंदानेही दम लागतो.

१ एप्रिल
सेल्सवाला आला होता. नवीन पोस्टर लावून गेला. सहज विचारलं, सर, तुम्ही कुठला फ्लेवर घेता? म्हणाला, मी? मला नाही रे चालत, आमच्याकडे फिल्टरचं पाणी. मग हिरो? तो म्हणाला, हिरोच्या ट्रेनरने तोंडाला लावू दिलं नाही, शूटिंगला बाटलीत रंगवलेलं पाणी होतं. आणि टाळी मागितली.

दिली. पण विचार केला. कंपनीत खालच्या माणसांना सगळं कुठे सांगतात.

६ एप्रिल
तहान भागत नाही. कितीही प्यायलो तरी जीभ टाळूला चिकटलेली. याचा अर्थ काम चालू आहे, शरीर आणखी मागतंय. वहिनीने पाण्याचा तांब्या समोर ठेवला. सरकवून दिला. दादा म्हणाला, घे, पाण्याशीही भांडण.

ती सांगत होती, बाबा खूश आहेत. जेवणाबरोबरही तेच घेतात.

१० एप्रिल
झोप येते. खुर्ची द्या म्हटलं मॅनेजरला. म्हणाला, हिरोला दिलीय का?

ऑपरेशन झालं की तिच्या बाबांना मी डेपोपर्यंत घेऊन जायचं ठरवलंय. रस्त्यात विषय काढीन. ड्रायव्हर माणसं सरळ असतात, हो तर हो म्हणतात. मग कॉलेजात परत नाव घालीन. सरांनाही भेटेन एकदा.

१५ एप्रिल
काय लिहू.

तपासणी झाली. चार किलो वाढलं बाबांचं. रक्तातली साखरही. डॉक्टरांनी तारीख दिली नाहीच, वर विचारलं, हे कोणी सांगितलं प्यायला. तिने माझं नाव घेतलं नाही. हे सगळं ती वांग्यांवर स्टिकर लावता लावता सांगत होती. माझ्याकडे बघितलंही नाही.

बघितलं असतं तर मी गप्प बसलो असतो. मी भडकलो. म्हटलं, हॉस्पिटलचा काटा बिघडलेला असेल. हे डॉक्टर लोक उगाच घाबरवतात. चल, डोळ्यांनी बघ, माझं किती उतरलंय ते. रांगेत माणसं उभी होती. ती हातातली पिशवी ठेवून आली.

गोदामात काट्यावर पॅलेट होती. मी एकट्याने ओढून उतरवली, आवेशात. चढलो. ७६. म्हटलं, आज बूट आहेत पायात, तरी बघ.

ती म्हणाली, उतर जरा.

उतरलो. काटा उणे चौदा. तिने तो आकडा बघितला, मग भिंतीला टेकवलेली पॅलेट बघितली. एक बटण दाबलं. दिवसभर भाजीच्या टोपलीसाठी दाबते तेच, टोपलीचं वजन गिऱ्हाइकाच्या माथी नको म्हणून. शून्य आलं. म्हणाली, चढ आता.

चढायचं नव्हतं मला. चढलो.

नव्वद.

ती हसेल असं वाटलं. हसली असती तर बरं झालं असतं. म्हणाली, आधी त्यावर काय ठेवलंय ते बघायचं रे. आणि गेली, रांग थांबली होती. पैलवान दारात उभा होता. त्यालासुद्धा पोतं आठवलं नाही.

१६ एप्रिल
कामावर गेलो नाही. आईने विचारलं, बरं नाही का. म्हटलं, बरंच नाही. तिने कपाळाला हात लावून बघितला. ताप नव्हता.

तिला काय सांगायचं ते ठरवलं. चूक माझी अर्धी, काट्याची अर्धी. नको. चूक पैलवानाची. नको. सकाळपासून हेच चाललंय, आणि प्रत्येक वेळी शेवटी कांद्याचं ते स्टिकर दिसतं.

१७ एप्रिल
दुपारी गेलो तिच्या घरी. तिची सुट्टी होती. प्रत्येक मजल्यावर थांबलो. खोक्यांना दोष देता येईना, हात रिकामे होते.

बाबांनी बघितल्याबरोबर विचारलं, आणलीस का रे एखादी? पेरूची? ही मला देत नाही आता.

जिन्यात घोकलेलं सगळं विसरलो. म्हटलं, काका, माझं उतरलं नव्हतं. वाढलं होतं. मी चुकीचा काटा बघितला, आणि तुम्हाला पाजत राहिलो. सॉरी. या वेळी आवाज काही काढला नाही, आपोआपच बारीक निघाला.

ते खिडकीबाहेर बघायला लागले. खाली एक बस वळत होती. म्हणाले, गीअर उशिरा टाकतोय बघ. मग म्हणाले, गोड लागत होती रे. मीच जरा जास्त प्यायलो. माणसाला गोड लागलं की तो विचारत नाही.

त्यांनी मला शिवी द्यायला हवी होती. ड्रायव्हर माणूस, किती दिल्या असतील आयुष्यात. माझ्यासाठी एक निघू नये?

तिने पाणी आणलं. स्टीलच्या भांड्यात, साधं. प्यायलो. पाण्याला चव नसते हे विसरूनच गेलो होतो. आणखी मागितलं. आणखी आणून दिलं. पुठ्ठ्याच्या हिरोबद्दल, कॉलेजबद्दल, तिला काय काय सांगायचं ठरवलं होतं ते सगळं त्या पाण्याबरोबर खाली गेलं. मी म्हटलं, मी रोज येऊन काकांना जिन्यात थोडं थोडं चालवीन, डॉक्टर म्हणतील तसं. ती म्हणाली, नको. रागाने म्हणाली नाही. भाजी संपली असेल तर गिऱ्हाइकाला सांगते, तसं.

भांडं ठेवलं. उठलो. दाराजवळ बूट नव्हते. वर, कपाटाच्या माथ्यावर, पेपरात गुंडाळलेलं काहीतरी होतं. टाच बाहेर आली होती, चकचकीत.

मी चपला घालत होतो तेव्हा ती आतूनच म्हणाली, जाताना दार ओढून घे.

मी सरांचं दार आपटलं होतं, ते एका झटक्यात लागलं होतं. हे लागेना. लाकूड फुगलंय. बाहेर उभं राहून हळूच ओढलं, परत ओढलं. मग लागलं.