मावळतीच्या खिडकीचा पांढरा पडदा

नेकनूर, ६ फेब्रुवारी

चि. स्वप्नालीस, आत्याचा आशीर्वाद.

फोनवर बोललं की ह्यांना, तुझ्या मामाला, ऐकू जातं, खाट तिथंच हाय. म्हणून लिहिते. चौथी शिकलेली हाय मी, चुका काढत बसू नको.

उसाचं पान लागून त्यांचा एक डोळा गेला. आता दुसऱ्याला उजेड सोसंना. त्यात पोटात पाणी झालंय. लई दिवस न्हाईत, असं डॉक्टरनं मला बाजूला घेऊन सांगितलं. खिडकी सडकेकडं, मावळतीला. दुपारचं ऊन डोळ्यात घुसतं, तरी माणूस तिथून हलत न्हाई. गोधडी टांगली तर वरडले. करिष्माची वाट बघतेत. बाप नको म्हणत असताना पोरगी नवऱ्यासंग कोयत्याला, ऊस तोडायला गेली, जाताना दोघं बोलले न्हाईत.

तू पडद्याच्या दुकानात हायेस. ऊन अडंल अन् सडक दिसंल असं कापड असलं तर धाड. खिडकी तीन बाय चार. नसलं तर न्हाई म्हण, गोड बोलू नको.

लोभ हाय तेवढा राहू दे.
सौ. सत्यभामा आत्या

पुणे, ११ फेब्रुवारी

ती. आत्यास, स्वप्नालीचा सा. न.

दोन पडदे पाठवते, दोन्ही बारीक जाळीचे. काळा बघून नाक मुरडू नकोस. त्यातून बाहेरचं स्वच्छ दिसतं, डोळ्यावर चमक येत नाही, खोली मात्र थोडी अंधारते. पांढऱ्यानं उजेड छान राहतो, पण ऊन पडलं की कापडच चकाकतं आणि पलीकडचं दिसत नाही. दिवसा बाहेरून आतलं माणूस दोन्हीतून दिसत नाही. दुपारी चारला लावून मामांनाच विचार. नको तो परत पाठव.

जेवत जा वेळेवर. तुझी माया अशीच असू दे.
स्वप्नाली

नेकनूर, २३ फेब्रुवारी

चि. स्वप्नालीस, आशीर्वाद.

पांढरा लावला. काळा परत धाडलाय. आजारी माणसाच्या खिडकीला काळं कोण लावतं गं? दुकानात बसून तुला काय कळायचं. सकाळी दारात धरून बघितला, मला सगळं दिसलं. ह्यांना विचारलं, दिसतंय का. दिसतंय म्हणले. बीडची यष्टी गेली, धोंडीरामाची बैलं गेली, समदं सांगतेत.

करिष्माचा फोन आलता. परवा त्यांची टोळी दुसऱ्या कारखान्याला चाललीय. ट्रक आपल्याच सडकेनं जाणार, थांबणार न्हाई. आबाला खिडकीत बसव म्हणली, मी हात करते, राग गेला असंल तर त्यांनी बी करावा. ह्यांनी आजच दाढी करून घेतली.

बोलले ते मनावर घेऊ नको, लोभ राहू दे.
सौ. सत्यभामा आत्या

नेकनूर, २६ मार्च

चि. स्वप्नालीस, आशीर्वाद.

तुझे मामा गेले तवा तू येऊन गेलीस, पण माणसांत बोलता आलं न्हाई.

करिष्मा तेराव्यापुरती आली, कोपऱ्यात बसून राहिली. जाताना म्हणली, "आबानं माझ्या तोंडावर पडदा पाडला." त्यांनी हात केलता, मी बघितलाय, असं लाख सांगितलं. पटंना. बाहेरून आतलं दिसत न्हाई हे तू लिहिलंवतंस, माझ्या ध्यानात राहिलं न्हाई. गेली आष्टीला सासरी.

काल चार वाजता मी त्यांच्या खाटेवर बसले. समोर नुसतं पांढरं, नव्या पत्र्यावानी. सडक न्हाई, लिंब न्हाई. धोंडीरामाची बैलं गेली ती घुंगरावरनं कळली. तवा उमगलं. माणूस आवाजावरनं सांगत होता, मी लावलेल्या पडद्याला नाव ठेवायला नको म्हणून.

अन् करिष्माचा ट्रक जायचा त्या दिवशी सकाळपासून सडकेनं जे जाईल त्याला हात करीत होते. ट्रकला, टेम्पोला, पाण्याच्या टँकरला बी. मी म्हणलं, "टँकरला काय हात करताव, येड लागलं का?" करिष्माचा ट्रक जाऊन तास झाला तरी हात खाली न्हाई.

बापाचं धोतर न्यायला ये म्हणून करिष्माला रविवारी बोलावलंय. चार वाजता तिला त्या खाटेवर बसवीन. मी सडकेवर उभी राहून तिला हात करीन.

काळा आता धाडू नको. पांढरा तवर काढत न्हाई.

तुझं काही चुकलं न्हाई. आत्याला टाकू नको.
सत्यभामा आत्या