बाबांचा आवाज सोडून बाकी सगळं

६ जाने., सोमवार. अकोला

गजाननकाकांनी फ्लेक्स छापून टाकला. आधी फ्लेक्स, मग मला फोन. अमरावतीचं भजन संमेलन, त्यात आपल्या गावचं खंजिरी मंडळ, मधोमध बाबांचा फेट्यातला फोटो आणि खाली 'अकोल्याहून थेट गायन'. थेट म्हणे! दिवाळीत खुब्याचं ऑपरेशन झाल्यापासून बाबा इथे जठारपेठेत, माझ्या घरी मधल्या खोलीत पलंगावर, आई त्यांच्या दिमतीला. डॉक्टर गाडीत बसू द्यायला तयार नाहीत. मी म्हटलं, काका, छापायच्या आधी विचारायचं तरी. तर म्हणे, "तुह्यं त कामच हाये ना वं लाईवचं. एक वायर इकडची तिकडं करजो, झालं."

एक वायर. संमेलनाचं लाईव्ह माझ्याकडे आहे हे खरं. पण लाईव्ह म्हणजे तिकडचं जगाला दाखवायचं. इकडच्या माणसाला तिकडच्या मंडळात गायला बसवायचं, हे दुसरंच झेंगट आहे. काकांना समजावत बसले तर माझीच म्हातारी होईल.

बाबांच्या मोबाईलवर फ्लेक्स पोचला होता. मी खोलीत गेले तेव्हा दाढी करून, टोपी घालून बसलेले. नाही म्हणायची सोयच राहिली नाही.

८ जाने., बुध.

अमरावतीला हॉलवर चाचणी. मंडळ सरावाला आलं होतं. साउंड सिस्टिम रफीकभाईंची. त्यांच्या मिक्सरमधून एक लाईन काढून घेतली, सरळ लॅपटॉपला. छान, सोपं. बाबा घरून मोबाईलवर ऐकत होते. पाच मिनिटांत फोन.

"वंदा, खंजिरी कुठं गेली?"

वाजते आहे ना बाबा, कान फाटले आमचे.

"इकडं नाई आली. पेटी हाये, गजानन हाये. खंजिरी नाई."

रफीकभाईंना विचारलं. त्यांनी हात वर केले. "ताई, खंजिरीले माईक दिलाच नाही मी. उसको क्या जरूरत? बिना माईकची शेवटच्या खुर्चीपर्यंत जाते." हॉलपुरतं बरोबर आहे त्यांचं. जे हॉलमध्ये आपसूक दणकून वाजतं ते त्यांच्या मिक्सरमध्ये नाहीच, मग माझ्या लाईनीत कुठून येणार. खंजिरी भजनाचं लाईव्ह आणि खंजिरी गायब. बाबांनी धरलं नसतं तर तसंच गेलं असतं जगाला.

म्हणजे आता माझा वेगळा मिक्सर लावणं आलं. रफीकभाईंची लाईन त्यात, खंजिरीला आणि मागं म्हणणाऱ्यांना माझे वेगळे माईक, सगळं तिथे जुळवून मग लॅपटॉपला. रफीकभाईंचा चेहरा उतरला. "आमच्या साउंडवर भरोसा नाही का ताई?" तासभर समजूत काढली.

११ जाने., शनि.

हॉलवर मिक्सर लावला. लावल्या लावल्या घूं. वायरी बदलल्या, सॉकेट बदललं, रफीकभाईंशी भांडले, ते माझ्याशी भांडले. शेवटी लॅपटॉपचा चार्जर निघाला. चार्जर काढला की घूं बंद, आणि चार्जर काढला की थोड्या वेळाने लॅपटॉपही बंद. विनोद अकोल्याहून आवाजाच्या लाईनीत लावायची, घूं अडवणारी डबी घेऊन आला तेव्हा सुटलं. नवरा म्हणून नाही, पण हमाल म्हणून सोन्यासारखा आहे.

पुढचं लिहायची लाज वाटते. सगळं नीट जोडून मंडळाच्या ग्रुपवर चाचणीचं लाईव्ह सोडलं. मिक्सरवरचे दिवे मस्त नाचत होते. मी खूश. पण लॅपटॉपमध्ये आवाज कुठून घ्यायचा तिथे मिक्सर निवडायचाच राहिला. गेला तो लॅपटॉपच्या स्वतःच्या माईकचा आवाज. म्हणजे माझा. "या गजाननकाकाच्या हाती कुकरचं झाकण दिलं तरी हा असाच वाजवेल," हे अख्ख्या मंडळाने ऐकलं. गावातल्या त्यांच्या बायकांनीही.

ग्रुपवर ग. काकांनी अंगठा टाकला. कोणत्या अर्थाने, देव जाणे.

१२ जाने., रवि.

आज पहिल्यांदा बाबांना जोडलं. मी गावी, समाजमंदिरात मंडळासोबत मिक्सर घेऊन. विनोद घरी, बाबांसमोर माईक लावून. बाबांनी पहिली ओळ घेतली आणि मध्येच थांबले. "कोन वाकुल्या दाखवून राह्यलं मले?" त्यांचाच आवाज गावाला येऊन, फिरून त्यांच्या कानात जात होता. ही चूक माझी. त्यांना परत जी लाईन पाठवायची तिच्यात बाबांचा आवाज सोडून बाकी सगळं हवं. मिक्सरवर ते जमतं, जमवलं.

मग खरी पंचाईत कळली. बाबांची ओळ इथे पोचते उशिरा. इथले ती उचलतात, ते बाबांकडे पोचतं आणखी उशिरा. बाबा जन्मभर मागच्यांचं म्हणून संपल्यावर श्वास घेऊन पुढची ओळ टाकत आलेले. तिकडे ते मागच्यांची वाट पाहतात, इकडे मागचे त्यांची. दर ओळीला चाल ढिली. तिसऱ्या कडव्यापर्यंत भजन बैलगाडी चिखलात बसावी तसं बसलं. ग. काका म्हणाले, "वंदा, तुह्या मशीनमंदी पानी शिरलं का?"



१५ जाने., बुध. अकोला

काल तीळगूळ, आज भांडण.

दोन दिवस डोकं फोडून एकच मार्ग सापडला. उशीर मला मारता येत नाही, नेट माझ्या बापाचं नाही. पण बाबांनी आपल्या लयीत म्हणत जायचं आणि हॉलमधल्यांनी त्यांच्यामागे धरायचं, असं केलं तर हॉलमध्ये आणि लाईव्हवर सगळं एकत्र ऐकू येतं. अट एकच. बाबांच्या कानात हॉलचा आवाज अजिबात जायचा नाही. नाहीतर ते थांबणारच.

सांगितलं. बाबांनी वर पंख्याकडे पाहिलं. जानेवारीत पंखा बंदच होता.

"म्हंजे मी एकटाच म्हनू?"

तिकडे सगळे म्हणतीलच ना बाबा.

"पन मले आयकू नाई येनार."

नाही.

"मांगचे आयकू नाई आले त मी कायले म्हनू? भिताडाले आयकवू?"

मीही चिडले. म्हटलं, मग नका म्हणू, काकांना सांगते फ्लेक्स उतरवा. फार वाईट बोलले. त्यांनी तोंड भिंतीकडे केलं. ऑपरेशननंतर त्यांना कूस बदलायला धरावं लागतं, ते आज स्वतःच वळले. मला रडूच आलं.

मला कळत नाही का? या माणसाने भजनापायी ना सण पाहिला ना पाहुणे. अडीच महिने पलंगावर पडून त्याला काय हवं होतं, तर मागचे आठ-दहा आवाज कानावर पडावेत. आणि मी त्याची पोरगी, इतकी यंत्रं मांडून, नेमकं तेवढंच कापणार.

१७ जाने., शुक्र.

बाबा तयार झाले. कसे, कोणी मनवलं, माहीत नाही. मला वाटतं ग. काकांचा फोन. सकाळी म्हणाले, "कर तुह्या मनासारखं." रागातच.

पण हेडफोनविना एकट्याने म्हणताना नवीनच तऱ्हा. मागचे नाहीत, त्यामुळे ते मागच्यांसाठी जागाच सोडेनात. ओळीवर ओळ, ओळीवर ओळ. हॉलमधल्यांनी म्हणायचं कधी? विनोदने टाळ्या वाजवून जागा मोजून दिली तर म्हणाले, "जावाई, माशा मारून राह्यले काय?"

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आईने ओळ उचलली. भाकरी थापता थापता, सहज. बाबांनी बरोबर तेवढं थांबून श्वास घेतला आणि पुढची ओळ टाकली. पुन्हा आईने उचलली. पूर्ण भजन असं झालं. ती कधी मंडळात बसली नाही, बाया बसतच नाहीत आपल्याकडे त्या मंडळात. पण गावच्या घरी ओसरीवर रोज सराव आणि आत चुलीपाशी ही. सगळी कडवी पाठ, चालीसकट.

मी म्हटलं, आई, तू बाहेर ये, पलंगाशी बस. "मले नोको लावू बाई त्या भोंग्यात," म्हणाली. पण हात धुऊन आली.

आईचा आवाज बाबांच्या माईकमध्ये शिरतो, ते होणारच. बाबांना हळू बोलता येत नाही आणि आईला हळू गाता येत नाही. पण तो बाबांच्या आवाजासोबतच तिकडे पोचतो, म्हणजे मागच्यांच्या आवाजात बरोबर मिसळेल. डोक्यावरचं ओझं उतरलं.

१८ जाने., शनि. अमरावती

उतरलं कुठलं. ग. काकांना सरावात ऐकू आलं. "बाईमानसाचा आवाज कुठून येऊन राह्यला? आपल्या मंडळात कधी चाललं का हे?" म्हटलं, काका, ती आई आहे, ती नसेल तर बाबांची लय सुटते. "मंग तिचा आवाज काढून टाक ना मशीनमंदून. मशीन कायले हाये मंग?"

काढता येत नाही. म्हणजे मला काढायचाही नाही, पण तसं बोलले असते तर मंडळ स्टेजवर चढलंच नसतं. रफीकभाई मध्ये पडले. "काका, उद्या इतकी खंजिरी वाजेल, कोनाले समजते?" काकांनी पुन्हा खंजिरी उचलली. रफीकभाईंना चहा पाजला.

१९ जाने., रवि.

झालं.

नीट लिहिते, नाहीतर उद्या माझाच विश्वास बसणार नाही. मोठ्या पडद्यावर बाबा, विनोदच्या मोबाईलमधून. फेटा बांधलेले. आई चित्राबाहेर, पलंगाच्या कडेला. पहिलं भजन सुरेख लागलं. खंजिरी माझ्या मिक्सरवर स्वच्छ, मागचे भरदार, सगळं एका लयीत. रफीकभाईंनी लांबून मान डोलावली. मला इतक्या दिवसांत पहिल्यांदा बरं वाटलं.

दुसऱ्या भजनाच्या शेवटच्या कडव्यांना बाबांना दम लागला. आवाज बारीक झाला. मी त्यांच्या माईकचा फेडर, म्हणजे मिक्सरवरची आवाजाची सरकपट्टी, वर घेतला. आणखी वर. मग आवाज यायचाच थांबला. पडद्यावर ओठ हलताहेत, हात मांडीवर ठेका धरतोय, आणि आवाज नाही. मला वाटलं वायर. मिक्सर पाहते तोवर पुढची ओळ आली. आईची. मागची नव्हे, पुढची. बाबांनी टाकायची ती. फेडर मी चढवून ठेवलेला, त्यामुळे हॉलभर खणखणीत.

ग. काकांनी वळून माझ्याकडे पाहिलं. खंजिरी चालूच होती हातात. मी काय करणार? आईचा आवाज बंद केला तर अकोल्याची लाईनच बंद. मी हात काढून घेतला. काकांनी मान खाली घातली आणि ओळ उचलली. मागोमाग सगळ्यांनी. शेवटपर्यंत आईने म्हटलं, पडद्यावर बाबांचे ओठ, आणि टाळ्या.

एक जण येऊन विचारतो, "ताई, तुमच्या मशीनमधी आवाज बदलते काय?"

२० जाने., सोम. अकोला

मंडळातल्या प्रत्येकाचा बाबांना फोन. ग. काका सर्वात मोठ्याने. "बापूरावभाऊ, काय आवाज लागला तुमचा! हॉल गाजोला!" कोणी एका शब्दाने सांगितलं नाही. मीही नाही.

बाबा म्हणाले, "शेवटलोक म्हटलं मी. जरा दम लागला, पन सोडलं नाई. तुही मायबी म्हनत होती माह्यासंगं." खोटं बोलत नाहीत. त्यांना खरंच तसं वाटतं. घशातून आवाज निघत नव्हता हे त्यांना कळलंच नाही. विनोदला विचारलं तर तो म्हणतो, शेजारी बसून मलाही ऐकू येत नव्हता.

आता त्यांना रेकॉर्डिंग हवंय. मागचे ऐकायचेत. तेवढ्यासाठीच तर एकटा म्हटलं, म्हणतात. त्यांचं बरोबर आहे.

संमेलनाच्या लाईव्हचा व्हिडिओ मी सध्या नेटवरून काढून ठेवलाय, एडिटिंग बाकी आहे असं सांगून.

२२ जाने., बुध.

आज हेडफोन लावून तेवढाच तुकडा पुन्हा पुन्हा ऐकला. हॉलचा आवाज वेगळा उतरवलाय, खंजिरी वेगळी, रफीकभाईंची लाईन वेगळी. कधी नव्हे ते सगळं शिस्तीत. फक्त बाबा आणि आई एका माईकवर. आईला खाली घेतलं की बाबा असतील नसतील तेही जातात. सरावाच्या दिवशीचा बाबांचा आवाज तिथे चिकटवता येईल. येईल तसा. करूनही पाहिला. मग पुसला.

दुपारी आई स्वयंपाकघरात, माझ्याकडे पाठ करून, भांडी विसळत. "काय वं, माहा आवाज कसा लागला तिकडं?"

म्हटलं, चांगला लागला आई.

"मले आयकव ना. मी कधी माहा आवाज आयकलाच नाई."

हिचंही बरोबर. सगळ्यांचं सगळं बरोबर, आणि फाइल माझ्याकडे. एक लावली की दोघंही ऐकणार, घर तेवढंसंच आहे. चिडू तरी कोणावर. फ्लेक्सवाल्या काकांवर चिडून झालं, नेटवर झालं.

संध्याकाळी बाबांनी उशी नीट करून घेतली, टोपी घातली. आई पलंगाशी येऊन बसली, त्या दिवशी बसली होती तिथेच. विनोदने स्पीकर आणून ठेवला, मी सांगितलं नव्हतं.

"लाव ना मंग," बाबा म्हणाले.

मी म्हटलं, फाइल उतरतेय बाबा अजून. मोठी आहे.

फाइल रविवारीच उतरली.