पाठ बरी होईपर्यंत

मंगळवार, ९ जानेवारी

एक्स-रे आला. मान सरळ आहे म्हणे. मला वाटलं, सुटले! पण नाही — सरळ असणंच वाईट. मानेला थोडा बाक लागतो, तो माझा गेलाय. आणि पाठीला नको तेवढा आलाय. हाडात बिघाड काही नाही, नुसती सवय. डॉक्टरांनी विचारलं, 'मोबाईल किती वेळ बघतेस?' मी तोंड उघडायच्या आत आई म्हणाली, 'दिवसभर!' बाबा म्हणाले, 'रात्रीपण!' दोघांचं एकमत. कितीतरी दिवसांनी.

वर्गात मला प्रश्नचिन्ह म्हणतात. आठवीत आल्यापासून. काही वाटत नाही त्याचं. आधी वाटायचं बहुतेक.

गुरुवार, ११ जानेवारी

व्यायाम शिकवणाऱ्या ताईंकडे गेलो. चौघंही, कारण धाकट्या पिटुकलीला घरी एकटं कोण ठेवणार? ताईंनी मला भिंतीला पाठ लावून उभं केलं. टाचा, कंबर, खांदे, डोकं. डोकं काही केल्या टेकेना! मध्ये ताईंची अख्खी मूठ मावली. मग पिटुकलीने आपली मूठ घालून बघितली. मग बाबांनी. नुसता तमाशा!

ताई म्हणाल्या, खाली मान घालून बसलं की डोक्याचं सगळं ओझं मानेवर येतं. म्हणून डोकं दुखतं, म्हणून बोटांना मुंग्या. आता रोज हनुवटी आत ओढायची, पाठीखाली टॉवेलची गुंडाळी घेऊन पडायचं. मोबाईल मांडीत नाही, डोळ्यांसमोर धरायचा. आणि रात्री जेवण झालं की तासभर फोन बंद. 'सगळ्यांचे,' हे त्या आईबाबांकडे बघून म्हणाल्या. बाबा म्हणाले, 'माझं लिफ्ट दुरुस्तीचं काम आहे हो, माणसं अडकून पडतात.' ताई म्हणाल्या, 'तासभर दुसरं कोणीतरी सोडवेल.'

शुक्रवार, १२ जानेवारी

आईने सगळे फोन कुकरमध्ये घालून झाकण लावलं. पिटुकली म्हणते, 'शिट्टी कधी होणार?' मी खो खो हसले. मग बघितलं तर बाकी कोणीच हसत नव्हतं. आई भिंतीकडे बघत होती, बाबा नखांकडे. तासभर!

मंगळवार, १६ जानेवारी

तेच.

शनिवार, २० जानेवारी

आई घरूनच एका कुरिअर कंपनीच्या तक्रारी घेते. दिवसभर हेडफोन लावून — 'आपल्याला झालेल्या त्रासाबद्दल दिलगीर आहोत.' सगळ्या जगाची माफी मागून झाली की संध्याकाळी तिच्याकडे एक शब्द उरत नाही. आज त्या तासात बाबा म्हणाले, 'चार्जर कुठे ठेवलास?' आई म्हणाली, 'तिथेच.' संपलं बोलणं.

पिटुकलीने विचारलं, 'तुम्ही दोघं भांडत का नाही? माझ्या मैत्रिणीचे आईबाबा ताटं आपटतात.' मी पाणी प्यायला उठले. तहान नव्हती.

हे असं किती दिवस चाललंय कोण जाणे. फोन होते तोवर दिसलंच नाही. वाटायचं, जो तो आपापलं बघतोय, म्हणून शांतता. मी तरी कुठे मान वर करून बघत होते!

रविवार, २८ जानेवारी

आतल्या खोलीत टॉवेलवर पडले होते. स्वयंपाकघरात बाबा बोलले, हळू, पण मला ऐकू आलं. 'हिची पाठ बरी होऊ दे. मग सांगू दोघींना. तोवर मी कुठे जात नाही.' आई म्हणाली, 'ठीक आहे.' तक्रारवाल्यांशी बोलते ना, अगदी त्याच आवाजात. मग नळ सुरू झाला, भांडी वाजली.

पडूनच राहिले. म्हटलं, आता रडू येईल. आलं नाही. छताला एक कोळ्याचं जाळं आहे, तेच बघत बसले. बाबांनी जाऊ नये. बस, एवढंच मला हवंय. बाकी काही सुचत नाही.

सोमवार, २९ जानेवारी

पिटुकलीला सांगणार नाही. तिच्या तोंडात तीळ भिजत नाही.

गुरुवार, ८ फेब्रुवारी

बाबा रोज विचारतात, 'कसं वाटतंय पाठीला?' पूर्वी असं कोणी विचारलं की बरं वाटायचं. आता म्हणते, 'तेवढंच आहे.' बाबा 'बरं' म्हणतात आणि कामाची पिशवी उचलतात.

व्यायाम चुकवता येत नाही. आई समोर उभी राहून करून घेते. आज शाळेत मुद्दाम वाकून बसले. छे! पाच मिनिटांत आपोआप ताठ! आजवर एक गोष्ट धड जमली नव्हती मला. नेमकी हीच जमायची होती!

रविवार, १८ फेब्रुवारी

घरात कोणी नाही असं बघून भिंतीला उभी राहिले. डोकं टेकलं. चक्क टेकलं. डोळे उघडले तर दारात आई, वाळलेल्या कपड्यांचा ढीग घेऊन. तिने नीट बघितलं. पलंगावर बसून घड्या घालायला लागली.

आई बाबांना सांगणार आता. मला काही होत नाहीये. एकाच चादरीची घडी तीनदा घातली फक्त.

मंगळवार, २० फेब्रुवारी

ताईंकडे गेलो. भिंतीला उभी राहिले, पण डोकं टेकू दिलं नाही. 'अजून दुखतं?' म्हटलं, 'हो. खूप.' ताईंच्या कपाळाला आठ्या. 'एव्हाना फरक पडायला हवा होता,' म्हणाल्या. बाबा माझ्याकडे बघायला लागले.

आई पटकन म्हणाली, 'कसला फरक, ताई! रात्रभर कण्हत असते ती.'

मी कण्हत नाही. आई माझ्या शेजारीच झोपते.